नाटकाचे पुस्तक आणि पुस्तकाबाहेरचे नाटक

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाचा नाटकाशी जो संबंध येतो तो बहुधा पुस्तकाच्या द्वारे येतो. पुण्यामुंबईचा रसिक आधी प्रयोग पाहतो आणि मग, वाटलेच तर, पुस्तक घेतो. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. दिल्ली, हैदराबाद, बडोदे किंवा इंदूर येथील वाचक मंडळाच्या ग्रंथालयातून नाटक आणतो, वाचतो, त्यावर मत बनवतो. आणि एखादी संस्था दौऱ्यावर आली, किंवा गावातल्या हौशी मंडळींनी गणेशोत्सवात ते नाटक बसवले, तरच त्याला प्रयोग पाहावयास मिळतो. यातून एक समजूत सहजच रूढ होते. नाटक म्हणजे नाटककाराने लिहिलेले शब्द. दिग्दर्शक, नेपथ्यकार, संगीतकार हे त्या शब्दांचे सेवक. सेवा नीट झाली तर प्रयोग चांगला, न झाली तर वाईट. नाटक मात्र पुस्तकात सुखरूप आहे! पुष्कळ नाटकांच्या बाबतीत ही समजूत खपूनही जाते. परंतु गेल्या साठ वर्षांत मराठी रंगभूमीवर जी महत्त्वाची नाटके झाली, त्यांतील काहींच्या बाबतीत ती अपुरी पडते, आणि ती अपुरी का पडते याचा विचार आपल्यासारख्या पुस्तकावर अवलंबून असणाऱ्या वाचकांनीच अधिक केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

लेखन आणि प्रयोग यांची फारकत आपल्या परंपरेत मुळात नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा नाटककार, तालीम देणारा आणि मंडळीचा चालक हे तिन्ही एकच होते. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जितके नावाजले तितकेच नटांना शिकवणारे म्हणून नावाजले. लेखकाच्या कानात वाक्य आणि नटाच्या तोंडात वाक्य यांत त्या काळी फारसे अंतर नव्हते, कारण मधली जागा स्वतः लेखकच भरून काढी. जो नव्हता तो नेपथ्यकार. पडदे रंगवणारे कसबी कलावंत होते. पण राजवाडा, रस्ता, अरण्य आणि बाग असे चार पडदे जवळ असले की कोणतेही नाटक उभे राही. पडदा मंडळीच्या मालकीचा असे, नाटकाच्या मालकीचा नसे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले, तेव्हा विशिष्ट नाटकाला विशिष्ट घर हवे ही जाणीव आपल्याकडे ठळकपणे पुढे आली. म्हणजे आज ज्याला आपण सहकार्य म्हणतो त्यातला तिसरा भागीदार आपल्या रंगभूमीवर उशिराने आला. तो आला तेव्हा लेखक तालमीतून बाहेर पडू लागला होता, आणि त्याच्या जागी दिग्दर्शक येऊ लागला होता. एका माणसात एकवटलेली कामे तिघाचौघांत वाटली गेली, आणि वाटणीबरोबर वाटणीचा प्रश्नही आला: नाटक कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन नाटके शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. दोन्ही विजय तेंडुलकरांची आहेत, दोहोंमध्ये पाचच वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही तालमीतल्या सहकार्याने बदललेली आहेत. पण एकातील सहकार्य पुस्तकात उतरले आणि दुसऱ्यातील फारसे उतरले नाही.

पहिले नाटक १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. ते 'रंगायन'ने केले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. नाटकाच्या अखेरीस बेणारेचे जे दीर्घ स्वगत येते, ते मूळ आराखड्यात नव्हते. दिग्दर्शकाच्या आग्रहावरून तेंडुलकरांनी ते मागाहून लिहिले, ही हकीकत नाट्यवर्तुळात सर्वश्रुत आहे. लेखकाच्या मनात बेणारे गप्प राहणार होती. खेळ म्हणून मांडलेल्या त्या कोर्टात तिला बोलूच दिले जात नाही, हेच तर नाटकाचे मर्म. पण रंगमंचावर ही व्यक्ती उभी करणाऱ्यांना त्या मौनाच्या आत काय आहे ते प्रेक्षकांना कळावे असे वाटले, आणि लेखकाने ते शब्दांत दिले. हा बदल नाटकाला सर्वस्वी लाभदायक ठरला काय, याविषयी दुमत होऊ शकते. स्वगतामुळे बेणारेचे दुःख थेट प्रेक्षकांच्या हृदयाला भिडते हे खरे. पण जे कोर्टातील मंडळींना ऐकू जात नाही ते आपणांस ऐकू येते, आणि त्यामुळे प्रेक्षकाची त्या मंडळींशी असलेली अस्वस्थ करणारी जवळीक थोडी सैल होते, हेही खरे. तो रडून मोकळा होतो. स्वगत नसते तर त्याला मोकळे होता आले नसते. तथापि आपल्या प्रस्तुत विचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. येथे सहकार्याचे फळ शब्दरूप होते. दिग्दर्शकाने मागितले, लेखकाने लिहिले, छापखान्याने छापले. हैदराबादेतील वाचकाच्या हाती जे पुस्तक येते त्यात ते सहकार्य जसेच्या तसे आहे. फक्त त्यावर दिग्दर्शकाची सही नाही.

दुसरे नाटक 'घाशीराम कोतवाल'. ते १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन'ने केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. ते करणाऱ्या मंडळींनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा सुरू झाले. १९८० साली ते युरोपात गेले. नाटकाभोवती उठलेल्या वादाची चर्चा भरपूर झाली आहे. तिच्यात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ज्याने हे नाटक केवळ वाचले, त्याने त्यातले किती वाचले?

पुस्तकात एक रांग आहे. पुण्याचे ब्राह्मण ओळीने उभे असतात. ते गातात, डोलतात, पाठ फिरवतात, पुन्हा वळतात. वाचताना ही रांग एका रंगसूचनेपुरती जागा घेते आणि डोळा पुढील संवादाकडे जातो. रंगमंचावर मात्र ही रांग जवळजवळ सर्व वेळ असते. ती पाठ करून उभी राहिली की भिंत होते, तोंड वळवले की शहर होते, मधून दुभंगली की दार होते. नाटकाला नेपथ्य नाही असे म्हणणे चूक आहे. या नाटकाचे नेपथ्य माणसांचे आहे. आणि ते माणसांचे आहे यातच नाटकाचा आशय आहे. नाना काय करतात, घाशीराम कोणत्या मोलाने कोतवाल झाला, त्याच्या मुलीचे काय झाले, हे सारे ज्या पडद्याआड घडते तो पडदा म्हणजे पुण्यातले प्रतिष्ठित नागरिक होत. दडवणारी भिंत स्वतःच गात असते, आणि देवाचे नाव घेत असते. जेथे सत्ताधाऱ्याचे पाप झाकले जाते तेथे झाकणारे कापड नसते, समाज असतो. हा विचार नाटकातील कोणत्याही पात्राच्या तोंडी वाक्य म्हणून दिलेला नाही. तो रांगेच्या पाठीत आहे.

ही रांग मुळात लेखकाला सुचली, आणि संहितेत ती आहे. परंतु ओळीत उभे राहणे ही कल्पना झाली. ती किती वेळाने वळावी, किती वाकावी, पावलांचा ठेका केव्हा संथ आणि केव्हा उतावीळ व्हावा, हे नृत्यरचनाकाराने ठरवले. कीर्तनाची चाल कोणत्या क्षणी लावणीकडे सरकावी, म्हणजे देवळातून निघालेला भाविक बावनखणीत केव्हा पोचला हे पावलाआधी कानाला कसे कळावे, हे संगीतकाराने ठरवले. या दोघांचे काम एकमेकांवर कुरघोडी न करता नाटकाच्या गतीत कसे बसावे, हे दिग्दर्शकाने ठरवले. चंदावरकरांचे संगीत येथे पदांना लावलेल्या चाली नव्हे. कीर्तन आणि लावणी या दोन्ही प्रकारांचे संस्कार मराठी कानावर खोल झालेले आहेत. त्यांना एकमेकांच्या इतके जवळ आणून ठेवले की ऐकणाऱ्याची भक्ती आणि त्याची रसिकता या दोहोंची एकाच वेळी तपासणी होते. पुस्तकात पदे आहेत, पण ही तपासणी नाही. ती ऐकावी लागते.

यावरून काही टीकाकार असा निष्कर्ष काढतात की 'घाशीराम'चे यश प्रयोगाचे आहे, संहितेचे नाही. संहिता वाचली तर ती विरळ वाटते, प्रसंग तुटक वाटतात, पात्रे सपाट वाटतात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. पण तो पूर्णपणे निराधारही नाही. संहिता विरळ आहेच. प्रश्न असा की ही विरळता उणीव आहे की जागा? उणीव असती तर दुसऱ्या हाती गेल्यावर नाटक कोसळले असते. पण वसंत देव यांच्या अनुवादातून ते हिंदीत गेले, दिल्लीत राजिंदर नाथ यांनी ते बसवले, आणि १९७६ साली 'युक्त' या चित्रपट सहकारी संस्थेच्या मंडळींनी त्यावरून चित्रपट काढला, ज्याची शैली पुण्याच्या प्रयोगापेक्षा सर्वस्वी निराळी होती. प्रत्येक वेळी नाटक वेगळे झाले, पण नाहीसे झाले नाही. तेव्हा लेखकाने जी जागा सोडली ती विचारपूर्वक सोडलेली होती, असेच म्हटले पाहिजे. दुसऱ्या कलावंताला काम करता येईल अशी जागा सोडणे हा नाटककाराचा गुण आहे, आणि तो कादंबरीकाराच्या किंवा कवीच्या गुणांहून वेगळा आहे. आपली वाङ्मयीन टीका नाटकाकडे बहुधा कादंबरीच्या मापाने पाहते, म्हणून हा गुण तिला अवगुण भासतो.

याच्या उलट टोकाला सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' आहे. १९७४ साली 'थिएटर अकॅडमी'नेच केलेल्या या नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक एकच होते. मेलेला माणूसच कीर्तन करीत आहे, ही त्यातील कल्पना शब्द, चाल आणि उभे राहण्याची ढब अशा तिन्ही अंगांनी एकाच वेळी सुचल्यासारखी वाटते. किर्लोस्कर-देवलांच्या परंपरेशी हे नाते जुळते. पण म्हणून लेखकानेच दिग्दर्शक व्हावे हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही. आळेकर तालमीच्या जागेत वाढलेले लेखक होते. जे लेखक तसे नाहीत त्यांना ती जागा कोठे मिळणार? नाट्यशिबिरे आणि कार्यशाळा यांचे खरे प्रयोजन येथे दिसते. 'थिएटर अकॅडमी'ने १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या, त्यांची आखणी आळेकरांनीच केली, हा योगायोग नव्हे.

मात्र शिबिर भरवले की सहकार्य होतेच असे नाही. शिबिरांतून तीन दोष पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला, नेपथ्यकाराला शेवटी बोलावणे. नाटक लिहून झाले, तालमी झाल्या, आता घर उभे करा, असे त्याला सांगितले जाते. मग तो घर उभे करतो, आणि नटांना त्या घरात पाहुण्यासारखे वावरावे लागते. दुसरा दोष याच्या नेमका उलट: सर्वांनी सर्वांविषयी बोलणे. लेखकाच्या वाक्यावर प्रकाशयोजनाकार मत देतो, रंगावर लेखक मत देतो, आणि निर्णय बहुमताने होतो. बहुमताने ग्रामपंचायत चालेल. नाटक चालत नाही. तिसरा दोष लेखकाचा. चर्चेत जो जो आक्षेप आला तो तो वहीत टिपून घेऊन प्रत्येकाचे समाधान होईल असे पुनर्लेखन तो करतो, आणि मूळ नाटकात जो काटा होता तोच काढून टाकतो.

या तिन्ही दोषांवर उतारा काय? जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त आणि त्यांचे बालमित्र, नेपथ्यकार कास्पार नेहेर यांची कामाची रीत येथे विचारात घेण्यासारखी आहे. १९२८ साली बर्लिनमध्ये ज्या नाटकाचे नेपथ्य नेहेर यांनी केले, त्यावरून पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले आणि जब्बार पटेल यांनी ते बसवले, हे वाचकांना स्मरत असेल. नेहेर आधी भिंती आणि दारे काढीत नसत. ते माणसे काढीत. अमुक प्रसंगी कोण कोठे उभा आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे, कोण खाली बसला आहे, अशी भराभर काढलेली रेखाचित्रे ते तालमीत आणीत. ब्रेख्त त्यांवरून नटांच्या जागा ठरवीत, आणि नटांच्या वावरण्यावरून पुन्हा नेपथ्य बदले. म्हणजे नेपथ्यकार तालमीच्या आरंभीच हजर असे, आणि त्याचे काम अपुरे असतानाच तो ते इतरांसमोर ठेवी. पण चित्र काढण्याचे काम त्याचेच राही; वाक्य लिहिण्याचे काम ब्रेख्त यांचेच राही. आमच्या मते सहकार्याचे सूत्र एवढेच आहे: प्रत्येकाने आपले काम कच्चे असताना दुसऱ्याला दाखवावे, परंतु आपल्या कामाची जबाबदारी वाटून टाकू नये. पहिला भाग विसरला की नाटक जोडकाम होते. दुसरा भाग विसरला की ते कोणाचेच राहत नाही.

आपल्या देशात या सूत्राची एक निराळी कसोटी हबीब तन्वीर यांनी पाहिली. १९७३ साली रायपूर येथे छत्तीसगढी नाच्याच्या कलावंतांचे शिबिर त्यांनी भरवले, आणि त्यातून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक निघाले. दोन वर्षांनी आलेले 'चरणदास चोर'ही अशाच रीतीने घडत गेले. येथे संवाद पुष्कळदा नटांच्या तोंडी आधी आले आणि कागदावर नंतर. नटांना ठरीव जागेवर उभे राहण्याची आणि शहरी हिंदी बोलण्याची सक्ती केल्याने त्यांचा नैसर्गिक आवेश मावळतो, हे तन्वीर यांनी अनुभवाने ओळखले आणि सक्ती सोडून दिली. पण निवड सोडली नाही. नटांनी सुचवलेल्या पुष्कळ गोष्टींतून काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय एकाच दृष्टीने झाला, म्हणूनच 'चरणदास चोर'चा शेवट इतका निर्दय आणि इतका अटळ वाटतो. सामुदायिक निर्मिती म्हणजे निर्णयाचा अभाव, हा गैरसमज या नाटकाने दूर व्हावयास हरकत नाही.

आता पुन्हा पुस्तकाकडे वळू. सहकार्यातून झालेले नाटक पुस्तकात अपुरे उतरते, हे मान्य केल्यावर ते पुरे कसे उतरावे हा प्रश्न उरतो. ब्रेख्त यांनी यावर उपाय केला होता. १९४८ साली स्वित्झर्लंडमधील कूर या गावी त्यांनी नेहेर यांच्या साहाय्याने 'अँटिगनी' केले, तेव्हा रूट बेर्लाउ यांनी काढलेल्या छायाचित्रांसह त्या प्रयोगाची प्रसंगवार नोंद पुस्तकरूपाने काढली. पुढे त्यांच्या इतर नाटकांच्याही अशा नोंदवह्या झाल्या. दुसऱ्या गावच्या मंडळींनी ते नाटक करताना त्या पाहाव्या, अशी अपेक्षा असे. या पद्धतीला धोका आहे. नोंदवही समोर असली की हौशी मंडळी तीच गिरवतील, आणि जिवंत प्रयोगाचा ठसा म्हणजेच नाटक असे मानू लागतील. ब्रेख्त यांनाही हा धोका दिसत होता. नोंदवही बदलण्यासाठी आहे, पण जे बदलावयाचे ते आधी माहीत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांस ते पटते. ज्याला मूळ रांग कशी वळत होती हे ठाऊक आहे, तोच ती वेगळ्या रीतीने वळवू शकेल. ज्याला काहीच ठाऊक नाही तो नवे करीत नाही. तो फक्त पुस्तकात न छापलेली गोष्ट गाळून टाकतो.

आणि येथेच हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा होतो. महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे नाटके करतात ती बहुतेक पुस्तकावरून करतात. तालमीला मिळणारा वेळ थोडा, जागा सभागृहाची, नट नोकरी सांभाळून येणारे. अशा मंडळींच्या हाती 'घाशीराम'सारखे नाटक पडले की त्यांना पात्रे दिसतात, पदे दिसतात. रांगेकरिता माणसे पुरत नाहीत म्हणून रांग पाचसहा जणांवर आणली जाते, पदांना सुचतील त्या चाली लावल्या जातात. मग प्रयोग फसतो आणि दोष नाटकावर किंवा नटांच्या हौशीपणावर जातो. खरा दोष पुस्तकाचा असतो. त्याने नाटकातील एका भागीदाराची भाषा छापली, आणि उरलेल्या तिघांना श्रेयनामावलीत एकेक ओळ दिली.

प्रकाशकांकडे आमचे मागणे मोठे नाही. सहकार्यातून घडलेल्या नाटकाच्या पुस्तकात दिग्दर्शकाचे टिपण असावे, नेपथ्यकाराचे आराखडे असावे, नृत्यरचनेची आणि चालींची निदान इतकी नोंद असावी की वाचकाला मौनात काय घडत होते ते कळावे. पुष्कळ प्रयोगांच्या बाबतीत वेळ निघून जात आहे. तेंडुलकर २००८ साली गेले, चंदावरकर २००९ साली गेले. ज्यांनी त्या तालमी पाहिल्या त्यांच्या आठवणी पुढच्या पिढीच्या हाती आपोआप येणार नाहीत. आणि आठवण ही नोंदीइतकी विश्वसनीय नसतेच.

वाचकांकडेही एक मागणे आहे. नाटक वाचताना संवादांवरून डोळा धावू लागला की रंगसूचनेपाशी त्याला थांबवावे. येथे कोण उभा आहे, त्याची पाठ कोणाकडे आहे, आणि कोणीच बोलत नसताना काय ऐकू येत आहे, हे स्वतःस विचारावे. मंडळात नाटक बसवावयाचे ठरले तर पहिल्या वाचनालाच नेपथ्य करणाऱ्याला आणि पेटी धरणाऱ्याला बोलवावे. पाट्या आणि पडदे ठरवण्यासाठी नव्हे, तर पुस्तकात कोणत्या जागा रिकाम्या आहेत ते शोधण्यासाठी. त्या जागा लेखकाने त्यांच्यासाठीच सोडलेल्या आहेत. त्या भरण्याचे काम पुण्यात एकदा झाले म्हणून ते कायमचे झाले, असे समजण्याचे कारण नाही.